४६५२ पावलं

रस्त्यापेक्षा त्याची कोनशिला जास्त टिकते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पण एडिनबरोच्या संग्रहालयात जवळजवळ पावणेतीन मीटर लांबीच्या रोमन कोनशिलेपुढे उभा राहिलो, तेव्हा हे दुखणं किती जुनं आहे ते कळलं.

मजकूर ओळखीचाच. आधी सम्राट अँटोनायनस पायस, सगळ्या बिरुदांसकट. मग काम करणारी दुसरी ऑगस्टा लीजन, म्हणजे रोमन फौजेची एक मोठी पलटण. शेवटी झालेलं काम: ४६५२ पावलं. ‘सुमारे साडेचार हजार’ वगैरे नाही. रोमन पाऊल म्हणजे आपली दोन, डावं-उजवं मिळून. म्हणजे सात किलोमीटरला थोडं कमी. इ.स. १४२च्या सुमारास स्कॉटलंडच्या कमरेवर, फोर्थ आणि क्लाइड या खाड्यांच्या मधे, साठेक किलोमीटरची भिंत तीन लीजननी वाटून घेतली आणि आपापल्या तुकड्यावर अशा शिळा लावल्या. गंमत म्हणजे भिंत दगडी नव्हतीच. खाली दगडांचा पाया, वर गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपा. कोरीव दगड लागला तो पाटीला.

मजकुराच्या डावीकडे एक स्वार चार नागड्या स्थानिकांवर घोडा घालतोय. एकाच्या पाठीत भाला, एकाचं मुंडकं धडावेगळं. आपल्या वीरगळावर मेलेला माणूस आपला असतो. इथे मेले ते सगळे परके, रोमनाला साधं खरचटलेलंही नाही. अशा शिळांवर लाल-पिवळ्या रंगाचे अंश सापडलेत, म्हणजे हे सगळं रंगवलेलं होतं!

उजवीकडे मात्र घरच्या कार्यासारखी शांतता. एक जण वेदीवर धार सोडतोय, मागे लीजनचं निशाण, आणि बळीसाठी आणलेले बैल, मेंढा, डुक्कर. ‘सुओवेतॉरिलिया’ हे या विधीचं नावच तिघांची नावं जोडून झालंय. जमीन किंवा फौज शुद्ध करायची ती अशी. एक जण दुहेरी पावा फुंकतोय, तोही करमणुकीसाठी नाही. प्रार्थना चालू असताना भलतासलता आवाज कानावर पडू नये म्हणून. ‘वाजवा रे वाजवा’ ओरडणाऱ्या कुठल्याही मामाला हे लगेच पटेल.

माझी नजर डुकरावर अडली. या कामातल्या विसाव्या लीजनचं चिन्ह रानडुक्कर, आणि इथे दुसरीने डुक्करच बळीला उभं केलेलं. मुद्दाम नसेल. पण बराकीत कुणीतरी हसलं असणारच.

वीसेक वर्षांत रोमनांनी ही भिंत सोडून दिली. शिळा १८६८ साली ब्रिजनेसला जमिनीतून वर आली.

दुसऱ्या दिवशी फॉलकर्कजवळ उरलेली भिंत पाहायला गेलो. शेताचा असतो तसा हिरवा बांध, शेजारी खंदक, बांधावर कुणाचंसं कुत्रं. मी डावं-उजवं धरून पावलं मोजायला लागलो. एकशे तीसच्या आसपास ते कुत्रं पायात आलं आणि आकडा हुकला.