ब्रेकपॉइंट कधी लागायचा, कधी नाही

एएसपी डॉट नेटचा (मायक्रोसॉफ्टचं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) जुना प्रोजेक्ट, मूळ कोड लिहिणारं आता टीममध्ये कोणीच नाही, आणि तक्रार अशी की युजर फॉर्म भरता भरता मधेच लॉगआउट होतो. रोज नाही, कधीतरीच. माझ्या मशीनवर एकदाही झालं नाही, फक्त टेस्ट सर्व्हरवर. मग रिमोट डीबगर (दुसऱ्या मशीनवर चालणारा कोड आपल्या मशीनवरून थांबवून तपासायचं टूल) लावला, डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपी प्रोसेसला, म्हणजे सर्व्हरवर साइट चालवणाऱ्या प्रोग्रामला अटॅच केलं, सेशन (लॉगिन झालेल्या युजरची सर्व्हरवर ठेवलेली माहिती) तपासणाऱ्या ओळीवर ब्रेकपॉइंट, म्हणजे कोड तिथे थांबवणारी खूण ठेवली आणि पेज रिफ्रेश करत बसले.

एकदा थांबला, पुढच्या दोन वेळा सरळ निघून गेला, मग परत थांबला.

ओळीशेजारचा ब्रेकपॉइंटचा गोल पोकळ असता तर कळलं असतं की सिम्बॉल्स (चालणारा कोड मूळ ओळींशी जोडणारी माहिती) लोड झालेले नाहीत, पण हा पूर्ण भरलेला लाल होता. तरी मॉड्यूल्स विंडो उघडून डीएलएल (आमच्या तयार कोडची फाइल) नेमकी कुठल्या फोल्डरमधून आलीय आणि पीडीबी (सिम्बॉल्सची फाइल) तिचीच आहे का ते बघितलं, सगळं बरोबर. जीएसीमध्ये, म्हणजे डॉट नेटच्या सामायिक डीएलएल ठेवायच्या जागेत जुनी कॉपी पडलीय का बघितलं, नव्हती. रिलीज बिल्डमध्ये छोट्या मेथड्स इनलाइन होतात (त्यांचा कोड बोलावणाऱ्या मेथडमध्येच मिसळला जातो) आणि ब्रेकपॉइंट लागतच नाही म्हणून डीबग बिल्ड टाकला, एएसपी डॉट नेटच्या टेम्पररी फाइल्स उडवल्या. दुपार गेली त्यात आणि फरक शून्य. खरं सांगते, रडू यायचं बाकी होतं.

शेजारचा सहकारी म्हणाला, "अगं, प्रत्येक रिक्वेस्टला प्रोसेस आयडी लॉग करून बघ ना." एक ओळ टाकली आणि लॉगमध्ये दोन वेगवेगळे आयडी! अटॅचच्या यादीत दोन डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपी सकाळीच दिसल्या होत्या, पण दुसरी दुसऱ्या कुठल्यातरी साइटची असेल असं मी धरून चालले होते. अ‍ॅप्लिकेशन पूलच्या (साइट कुठल्या प्रोसेसमध्ये चालवायची ते ठरवणाऱ्या गटाच्या) सेटिंगमध्ये कोणीतरी कधीकाळी मॅक्झिमम वर्कर प्रोसेसेस २ करून ठेवलं होतं, वेग वाढेल म्हणून असणार.

ब्रेकपॉइंट म्हणजे डीबगर त्या प्रोसेसच्या मेमरीतल्या मशीन कोडमध्ये एक इंटरप्ट घुसवतो, एक्स८६ वर तो ०एक्ससीसी हा एकच बाइट असतो. मी एकाच प्रोसेसला अटॅच होते, त्यामुळे दुसरीत तो बाइट नव्हताच, रिक्वेस्ट तिच्याकडे गेली की ती थांबणार कशाला.

आणि मग अंगावर काटाच आला, कारण आमचं सेशन इनप्रॉक होतं, म्हणजे तेही एकाच प्रोसेसच्या मेमरीत. लॉगिन एकीत झालं आणि पुढची रिक्वेस्ट दुसरीकडे गेली की तिच्या लेखी हा युजर कधी आलेलाच नाही! ज्याला मी दिवसभर डीबगरचा त्रास समजत होते तोच तो बग होता.

दोन्ही प्रोसेसना एकदम अटॅच केलं, ब्रेकपॉइंट दर वेळी थांबला. दुसऱ्या प्रोसेसमध्ये थांबला तेव्हा वॉच विंडोत (डीबगरमध्ये व्हेरिएबल्सच्या किमती दिसतात ती खिडकी) सेशनमधला युजर नल, म्हणजे रिकामा. संध्याकाळी तो आकडा १ केला, आणि पुढच्या आठवड्यात सेशन स्टेट सर्व्हरवर, म्हणजे दोन्ही प्रोसेसना दिसेल अशा वेगळ्या सर्व्हिसमध्ये हलवलं, त्यासाठी सेशनमधले आमचे सगळे क्लास सीरियलायझेबल (प्रोसेसबाहेर पाठवता येतील असे) करत बसावं लागलं, ते वेगळंच काम निघालं.