वजनाचा रविवार

कोरेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. गावात मला ‘सीएचओ मॅडम’ म्हणतात, म्हाताऱ्या बायका ‘शिस्टर’ म्हणतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि कंबर मोजणं हे आमचं नेमाचं काम. त्याआधी आशाताई घरोघर फिरून सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका गुणांनी मोजायचा फॉर्म भरतात. वयाला गुण, तंबाखूला गुण, दारूला गुण, कंबरेला गुण. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की एक, १०० च्या पुढे गेली की दोन. बेरीज ४ च्या वर गेली की त्या माणसाला आधी तपासायचं. पहिल्याच फेरीनंतर आशाताईंनी फॉर्मांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “मॅडम, बघा, फौजींचेच गुण जास्ती येत्यात.”

गाव फौजींचंच आहे. पहिल्या महायुद्धात इथून किती जण गेले आणि किती परतले नाहीत, ते कोरलेला दगड चावडीच्या भिंतीत आहे. सातारा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत असे दगड सापडतील. आजही प्रत्येक आळीत चार-सहा माजी सैनिक. बरेचसे मराठा लाइट इन्फंट्रीतले, बेळगावच्या सेंटरमध्ये घडलेले. काही तोफखान्यातले, काही सिग्नलमधले. शिपाई म्हणून गेलेला माणूस चाळिशीच्या आसपास पेन्शन घेऊन घरी येतो. बीपीईटीत, म्हणजे फौजेतल्या शारीरिक चाचणीत, ५ किलोमीटर पळालेला, दोरावर चढलेला, ९ फुटांचा खंदक ओलांडलेला माणूस. घरी आल्यावर पळणं थांबतं, जेवण मात्र लंगरातल्या, म्हणजे फौजेच्या भटारखान्यातल्या मापाचंच राहतं. मग कुठेतरी सुरक्षारक्षकाची नोकरी लागते, तीही रात्रपाळीची, खुर्चीतली. गुडघे आणि कंबर नोकरीतच दुखावलेले असतात. फौजी कॅन्टीनच्या कार्डावर रम मिळते. ६० मिलीच्या एका पेगात साधारण १४० कॅलरी, वर शेंगदाणे, फरसाण. पाचेक वर्षांत पोट पट्ट्याच्या वर येतं.

यांना शिस्त शिकवणारी मी कोण? शिस्त त्यांच्या हाडात आहे. कमी पडते ती सोबत. पहाटे शिट्टी वाजली आणि तुम्ही रांगेत नसाल तर कुणीतरी तुम्हाला शोधत येतं, हे त्यांच्या आयुष्यातून एका दिवसात निघून गेलेलं असतं. उपकेंद्रात बोलावून ‘तेल कमी, गोड कमी, चाला’ असं सांगितलं की ते ‘येस मॅडम’ म्हणून मान हलवतात आणि पुढच्या महिन्यात येतच नाहीत.

म्हणून गावातल्या एका निवृत्त सुभेदारसाहेबांनी स्वतःहून ‘सकाळची पीटी’ सुरू केली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. साडेपाचला शाळेच्या मैदानावर फॉल-इन. भरतीची पोरं तिथे १६०० मीटरचा सराव करतात, त्यांच्या शेजारीच हे. थोडे हलके व्यायाम, मग कालव्याच्या वाटेनं जाऊन-येऊन पाच किलोमीटर. फौजेतली बडीची पद्धत त्यांनी जशीच्या तशी आणली: दोघादोघांच्या जोड्या, शक्यतो एकाच आळीतल्या. जोडीदार आला नाही तर फोन करायचा नाही, त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन. काटा आणि टेप घेऊन मी जायची. वही सुभेदारसाहेबांची, रीतही त्यांचीच. ते नाव पुकारत, मागच्या महिन्याचा आकडा वाचत, मग आजचा. उतरलं तर टाळ्या. वाढलं तर सगळ्यांसमोर दहा दंड मारायचे.

ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे त्यांना मी नाईक म्हणेन, तो त्यांचा हुद्दा. मितभाषी माणूस. साखर होती, माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेतून औषधं मिळत. गटात आल्यापासून त्यांचं वजन हळूहळू उतरत होतं. मग पुतण्याचं लग्न झालं, जेवणावळी झाल्या आणि एका रविवारी आकडा दीड किलोनं वर गेला. हशा झाला. नाईकांनी दहा दंड मारले आणि हात झटकून रांगेत गेले. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही दिसलं नाही.

पुढच्या वजनाच्या रविवारी मी मैदानावर काटा मांडत होते. मंडळी कालव्याकडे गेलेली. एवढ्यात भरतीचा एक पोरगा धापा टाकत आला. “मॅडम, चला लवकर, नाईककाका कसंतरीच करायल्यात.” त्याच्या मोटारसायकलवर बसून गेले.

नाईक कालव्याच्या कठड्यावर बसले होते. बनियन घामानं निथळत होतं, हात थरथरत होते. समोर उभ्या मित्राला ते कुणा दुसऱ्याच्याच नावानं हाक मारत होते, बोलणं जड झालेलं, मधेच चिडत होते. दूध घालायला निघालेला एक जण सायकल थांबवून म्हणाला, “सकाळी सकाळीच घेतली वाटतं मेजरनी.” त्यावर नाईकांचे बडी, सिग्नलमधले हवालदार, त्याच्यावर कडाडले. “दोन म्हैनं झालं हात लावला न्हाय त्यानं. काल दुपारपास्नं जेवलाबी न्हाय, तुला काय ठावं हाय!”

त्या वाक्यानं माझं काम झालं. बोटाला टोचून साखर पाहिली: ४६. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी धरतो. ५४ च्या खाली मेंदूलाच पुरत नाही, म्हणून माणूस दारू प्यायल्यासारखा वागतो. गिळता येत होतं, हे नशीब. पोरगा टपरीवरून साखर घेऊन आला. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन मोठे चमचे विरघळवून घोट घोट पाजली. हवालदारांनी त्यांचं डोकं स्वतःच्या छातीला टेकवून धरलं होतं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, ७२. नाईकांनी डोळे नीट उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते, “वजन झालं का सगळ्यांचं?”

मग हळूहळू कळलं. शुक्रवारी रात्री निम्मीच भाकरी. शनिवारी सकाळी थोडं खाल्लं, दुपारपासून नुसता कोरा चहा. पाणीसुद्धा मोजून. आणि रविवारी सकाळी नेहमीची गोळी मात्र चुकवली नाही, कारण औषध चुकवायचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. नुसत्या मेटफॉर्मिननं साखर अशी सहसा घसरत नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग पोटात अन्न असो वा नसो. त्यावर पाच किलोमीटरची चाल.

नाईक उठून मैदानाकडे निघाले होते. मी नको म्हटलं. या औषधाचा असर कित्येक तास टिकतो, साखर एकदा वर आली म्हणजे भागलं असं नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन केला, १०८ बोलावली. नाईक म्हणाले, “मी ठीक आहे, मॅडम. गाडी कशाला?” सुभेदारसाहेब एवढा वेळ बाजूला उभे होते, एक शब्दही बोलले नव्हते. ते म्हणाले, “नाईक, गाडीत बसा.” नाईक बसले. हवालदार त्यांच्या शेजारी. दुपारी बाराच्या सुमारास रुग्णालयात त्यांची साखर पुन्हा ५८ वर आली आणि डेक्स्ट्रोजची सलाईन लावावी लागली. घरी सोडलं असतं तर ते एकटे झोपले असते, आणि घरच्यांना वाटलं असतं की दमलेत, झोपू दे.

गाडी गेल्यावर मी मैदानावर परत आले. सगळ्यांना विचारलं, साखरेची गोळी कोण कोण घेतं? बरेच हात वर आले. गोळीचं नाव काय, तर ‘पांढरी’, ‘ती छोटी’, ‘जेवणाआधीची’. घरी पाठवून पाकिटं आणायला लावली. पाच जणांच्या पाकिटावर ग्लिमेपिराइड. त्यातले दोघे त्या सकाळी काहीही न खाता आले होते, आणि त्यांनीही गोळी घेतलेली. त्यांना तिथंच, माझ्या समोर, टपरीवरचे पोहे खायला लावले. ते खाईपर्यंत माझे हात कापत होते, हे खरं.

पोहे खाता खाता एक जण म्हणाला, “मॅडम, ही आमची जुनी सवय हाय.” आणि मग एकेक जण बोलू लागला. फौजेत वजन ही ज्याची त्याची बाब नसते. दरवर्षी मेडिकल होतं. उंची आणि वयाप्रमाणे वजन ठरलेलं. त्याच्या बरंच वर गेलं की मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तंदुरुस्तीची श्रेणी, खाली येते. कॅटेगरी खाली आली की प्रमोशन, कोर्स, सगळंच अडतं. म्हणून मेडिकलच्या आधी दोन दिवस जेवण बंद. अंगात प्लास्टिक घालून वर स्वेटर आणि उन्हात पळणं. पाण्याची गुळणी करून थुंकायची. काट्यावरून उतरलं की लंगरात जाऊन पोटभर. यातलं प्रत्येक वाक्य ऐकताना बाकीचे माना हलवत होते. अठरा-वीस वर्षं ज्या काट्याची धास्ती घेतली, तोच काटा आम्ही महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्यापुढे ठेवत होतो.

सुभेदारसाहेबांना ते पटायला वेळ लागला. ते तडकलेच. “वजन लपवायचं असेल तर गट कशाला? घरी बसा.” त्यांचंही खरं होतं, त्यांच्या धाकानंच कित्येक जण पहाटे उठू लागले होते. मी एवढंच म्हटलं, की दर महिन्याला दोन दिवस उपाशी राहून आलेला आकडा त्या माणसाचा नसतोच, त्यावर टाळ्या वाजवून काय मिळतं? त्यांनी वही मिटली, मोटारसायकल काढली आणि रुग्णालयात गेले. संध्याकाळी मी तिथे पोचले तेव्हा ते नाईकांच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून होते, दुपारचा डबाही न उघडलेला.

नाईकांच्या पत्नी बाहेर बाकावर होत्या. म्हणाल्या, “मला सांगितलं उपास हाय. लग्न झाल्यापास्नं ह्या माणसानं आषाढी धरली न्हाय, तवाच मला कळाया पायजे हुतं.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “ताई, तुमी समद्यांना मैदानात सांगता. भाकरी कोण करतं, फोडणी कोण घालतं? मला कुणी बोलावलं?” त्यांचं बरोबर होतं. कॅन्टीनमधून आणलेला तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरवायचा हे त्यांच्या हातात, आणि गटाच्या वहीत त्यांचं नावच नाही. आता गुरुवारी दुपारी बायकांची बैठक असते, आणि त्यांच्याही कंबरा मोजतो; बाईसाठी ती रेघ ८० सेंटिमीटरची.

पुढच्या आठवड्यात गट बसला. ईसीएचएसच्या डॉक्टरांनी नाईकांचं ग्लिमेपिराइड थांबवलं होतं, बाकी पाच जणांनाही मी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सुभेदारसाहेबांनी सरळ विचारलं, “मॅडम, वजन पुकारायचं नाही, मग मोजायचं काय?”

मी त्यांना केरळचं उदाहरण सांगितलं. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या नेय्याट्टिनकरा तालुक्यात मधुमेहाचा धोका असलेल्या १००७ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या भागांत गावातल्याच लोकांना थोडं शिक्षण देऊन त्यांचे गट चालवायला दिले होते. दोन वर्षांनी मधुमेह होण्याचं प्रमाण ठामपणे सांगता येईल इतकं घटलं नव्हतं. पण गटातल्या लोकांची दारू कमी झाली होती, ताटात फळं-भाज्या वाढल्या होत्या. अमेरिकेतही माजी सैनिकांसाठी ‘मूव्ह’ नावाचा वजनाचा कार्यक्रम २००६ पासून देशभर चालतो, आणि तिथंही ज्यांना त्याची गरज आहे त्यातले फार थोडे त्यात टिकतात. म्हणजे माणूस गटात टिकणं, हीच मुळात मोठी गोष्ट. रोज आलात का, पेग किती, तेलाचा डबा किती दिवस गेला, हे मोजू.

सुभेदारसाहेबांनी निम्मं मानलं. हजेरी मोठ्यानं पुकारायची आणि टाळ्या हजेरीला वाजवायच्या, ही त्यांची अट. दंड बंद. वजनाचा ठरलेला दिवस रद्द. मी महिन्यातून कधीही, न सांगता काटा आणते. ही युक्ती त्यांचीच, म्हणाले, “अचानक तपासणीला कुणी तयारी करून येत नाही.” काट्यावर चढण्याआधी काय खाल्लं ते सांगायचं, आणि साखरेची गोळी घेणाऱ्यांच्या खिशात खडीसाखरेची पुडी असलीच पाहिजे, ती बडीनं तपासायची. आकडा फक्त त्या माणसाला, त्याच्या बडीला आणि मला ठाऊक.

नाईक दहा दिवसांनी मैदानावर आले. हवालदार त्यांना दारातून घेऊन आले होते. त्यांचं वजन नंतर किती उतरलं ते मी इथे लिहीत नाही. तसं आमचं ठरलं आहे. कालव्याच्या पुलापर्यंत ते आता न थांबता जातात, आणि निघताना भाकरीचा तुकडा खाल्ला का, हे हवालदार त्यांना रोज विचारतात.