तुम्ही विचारलंत म्हणून : कुट्टू अजून घरात कसा?

नवरात्र आलं की हा प्रश्न येतोच. (कुट्टू म्हणजे बकव्हीट, हिंदीवाले उपासाला त्याचं पीठ खातात.) शेजारच्या भाभीजी जिन्यातच अडवतात, "भाभीजी, उस सब के बाद भी कुट्टू?" पुण्याची नणंद फोनवर आडून आडून विचारते, "अजून करतेस का गं ते काळं पीठ?" परवा भिशीत तर एकीनं सगळ्यांसमोर विचारलं आणि मी हसत हसत गोष्ट जपानवर नेली. दरवेळी हेच करते. आज जपान शेवटी ठेवते.

घरात कुट्टू आणला मीच. माझं माहेर इथलंच, ग्वाल्हेरच्या शिंदे की छावणीतलं. शेजारपाजार सगळा हिंदीवाला, त्यामुळे नवरात्रात कुट्टूच्या पकोड्या खातच मी वाढले. सासर गावातल्याच लष्कर भागात, म्हणजे दोन-अडीच किलोमीटरवर. पण तीन पिढ्या ग्वाल्हेरात काढूनही या घरात उपासाला वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, साबुदाणा, फार तर राजगिरा. सासूबाई म्हणायच्या, "कुट्टू आपल्यात नाही." चालत नाही असं कधी म्हणाल्या नाहीत, फक्त "आपल्यात नाही". मी नवी, त्यात बीएस्सी बॉटनी. मी त्यांना समजावलं की गहू-तांदूळ गवताच्या जातीचे, कुट्टू तसा नाही, तो आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला. आपण दळतो ते त्याचं तिकोनी बी, म्हणून तर उपासाला चालतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग उद्या चुक्याची पातळ भाजीही खाशील उपासाला."

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

आता ती अष्टमी. ११ वर्षं झाली. चुलत दिरांची मंडळी आली होती, आम्ही घरचे धरून ११ माणसं. पीठ कमी पडेल असं ऐन दुपारी लक्षात आलं, म्हणून घाईत सुटं पीठ आणलं. दुकानाचं नाव विचारू नका, सांगणार नाही, आणि का सांगणार नाही ते पुढे कळेलच. घरी पुडा सोडला तेव्हा वास आला. जुन्या शेंगदाण्यांना येतो तसला, खवट. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहिते आहे : वास आला होता. पण कुट्टूला मुळातच मातकट, कडसर वास असतो. मी स्वतःला तेच सांगितलं. माणसं बाहेर बसली होती, तेल तापत होतं.

उकडलेली अरबी, म्हणजे अळकुड्या, कुस्करून पीठ भिजवलं. कुट्टूत गव्हासारखा चिकटपणा नसतो, अरबी किंवा बटाटा नसेल तर पुरी लाटतानाच तुटते. सैंधव, मिरची, जिरं. पुऱ्या चांगल्या फुगल्या होत्या. आणि त्या वर्षी सासूबाई पहिल्यांदाच पानावर बसून म्हणाल्या, "दे मला पण एक." एक खाल्ली, मग आणखी एक मागितली. "बरी लागते की गं." इतक्या वर्षांनी मी वाद जिंकले होते.

रात्री साडेअकराला धाकट्या दिरांना उलटी झाली. मग पुतण्याला, तो तेव्हा नऊ वर्षांचा. मग सासूबाईंना. उलट्या, चक्कर, हात असे थरथरत होते की पाण्याचं भांडं धरता येईना. ११पैकी ६ जण. मी नाही. तळता तळता माझं जेवण राहिलं होतं. रिक्षा, दवाखाना, एकेका पलंगावर दोघं दोघं. सासूबाईंच्या हाताला सुई टोचत असताना त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणार. त्यांनी विचारलं, "सलाइननं उपास मोडतो का गं?"

पहाटे कपडे न्यायला घरी आले. कपडे नंतर काढले. आधी उरलेलं पीठ मोरीत ओतलं, डबा घासला, पालथा घातला. सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "पीठ उरलंय का? तपासता येईल." मी म्हटलं, संपलं.

आता कळलं ना, दुकानाचं नाव का सांगत नाही? पीठ खराब होतं असं मला वाटतं. सिद्ध काय करणार? पुरावा मीच धुतला.

दोन दिवसांत सगळे घरी आले. सासूबाई पुढे सात वर्षं होत्या. त्या रात्रीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत आणि कुट्टूला पुन्हा हात लावला नाही. मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मी पुष्कळदा म्हणते, पण खरंच बरं झालं असतं का, कोण जाणे.

तरी कुट्टू घरात का? कारण दोष कुट्टूचा नाही! त्याच्या पिठात तेल असतं, ते लवकर खवट होतं. ओल लागली की बुरशी धरते. चैत्रातलं उरलेलं पीठ आश्विनात विकलं तर मधे अख्खा पावसाळा गेलेला असतो. वर्षातून दोनदाच जो माल खपतो त्याचं असंच होणार. जिथं तो रोज शिजतो तिथं त्याला कुणी भीत नाही. घ्या, आलं जपान. लेक तीन वर्षं तिथं होती. ३१ डिसेंबरच्या रात्री घरोघरी सोबा खातात, कुट्टूच्या शेवया. निव्वळ कुट्टूच्या शेवया वळणं अवघड, म्हणून बरेच जण ८ भाग कुट्टूला २ भाग गहू घेतात. शेवया उकडलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, पितात. फ्रान्सच्या ब्रिटनी भागात पीठ, पाणी आणि मीठ एवढ्यावरच पातळ घावन घालतात, आत अंडं आणि चीज. रशियात पीठच करत नाहीत असं नाही, पण मुख्य म्हणजे अख्खे दाणे भाजून भातासारखे शिजवतात आणि ईस्टरआधीच्या लांब उपासातही तेच खातात. म्हणजे उपासाला कुट्टू फक्त आपल्या शेजाऱ्यांचाच नाही. नेपाळात फापर म्हणून याचा ढिंडो घाटतात.

आणि हो, त्याच जपानात पाकिटावर सोबा असल्याचं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे, कारण काहींना त्याची अॅलर्जी असते आणि ती जिवावर बेतते. लेकीनं हे सांगितलं तेव्हा पहिला विचार आला, सासूबाईंना तसंच काही असेल का? दुसरा आला, मग बाकीच्या पाच जणांचं काय? पाहिलंत, सुटायला मी अजून वाटा शोधते.

हल्ली मी अख्खी गिरी, म्हणजे सोललेले दाणे, आणते. लागेल तेवढीच, वाटीभर, मिक्सरवर फिरवते. वास घेते. मग नवऱ्याला वास घ्यायला लावते. त्याला सर्दी असली तर त्या दिवशी पुऱ्या नाहीत. तो म्हणतो, "एवढं करण्यापेक्षा वरी शिजव." त्याचं बरोबर आहे. मी ऐकत नाही.

पुतण्या आता वीस वर्षांचा आहे. अष्टमीला येतो आणि पुऱ्याच मागतो. ती रात्र आठवत नाही म्हणतो. आठवत असावी. पहिला घाणा मी दुपारी तीनला काढते आणि स्वयंपाकघरात एकटीच उभ्यानं दोन पुऱ्या खाते. बाकीच्यांची पानं रात्री आठला मांडते.