उजवी स्लॅट मागे का राहायची?

इंग्लंडमध्ये एका गवताच्या धावपट्टीवर मी जुनी विमानं दुरुस्त करतो. गेल्या वर्षी आमचं टायगर मॉथ हे दुपंखी विमान स्टॉल झालं, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल गेली, की दर वेळी उजवीकडेच कलंडायला लागलं.

या विमानाच्या वरच्या पंखाला पुढच्या कडेवर दोन्ही बाजूंना एकेक स्लॅट, म्हणजे पुढे सरकणारी अरुंद पट्टी, असते. तिला मोटर नाही. नाक वर गेलं, वेग उतरला की कडेवरचं हवेचं शोषणच तिला बाहेर ओढतं, आणि फटीतून आलेली हवा पंखाच्या पाठीला धरून राहते. गुस्टाव्ह लाखमान या जर्मन वैमानिकाला ही कल्पना १९१७ मधल्या स्वतःच्या अपघातानंतर सुचली. मला ती आजही थक्क करते. पण दोन्ही स्लॅट आपापल्या उघडतात, त्यामुळे एक अडली की तो पंख आधी स्टॉल होतो.

मी पुढच्या सीटवर बसून ३,००० फुटांवर बघत राहिलो. डावी अलगद बाहेर आली. उजवी थरथरली, अर्धवट थांबली आणि पंख खाली गेला.

जमिनीवर शिडी लावून दोन्ही स्लॅट बोटांनी ओढून पाहिल्या. डावी फुंकरीनेही हलेल अशी, उजवीला जोर लागत होता. बिजागरीत रंगाचा थर आणि वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस होतं. पिना काढल्या, पुसल्या, वाकल्या नाहीत ना ते पाहिलं. तरी फरक अर्धाच गेला! इथे तेल ओतून मोकळं व्हावंसं वाटतं, पण त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात पुन्हा तेच.

मग कुलपाकडे वळलो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, स्लॅट आपटू नयेत म्हणून कॉकपिटातल्या लिव्हरने त्या बंद ठेवतात. लिव्हर पूर्ण उघडी होती, म्हणून तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. सहकाऱ्याला लिव्हर मागेपुढे करायला सांगितली आणि मी पंखापाशी टॉर्च धरला. डावीकडचा खटका पूर्ण सुटायचा, उजवीकडचा नखाएवढा अडकून राहायचा. लिव्हरपासून खटक्याकडे जाणारी केबल जास्त ताणलेली होती. ताण मॅन्युअलप्रमाणे लावला, जोड सैल होऊ नये म्हणून लॉकवायर बांधली, दुसऱ्या इंजिनिअरकडून तपासून सही घेतली.

संध्याकाळी पुन्हा वर गेलो. दोन्ही स्लॅट एकदम बाहेर आल्या आणि नाक सरळ खाली झुकलं.