पूर्वेची खिडकी आणि शेगडीपाशी अंधार

जुळे सोलापुरातील एका रो-हाऊसच्या स्वयंपाकघराचे संगणकावर काढलेले थ्रीडी चित्र मी गेल्या डिसेंबरात त्या घरच्या काकूंसमोर ठेवले, तेव्हा त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "छान दिसतंय गं, पण हे माझं स्वयंपाकघर कुठाय? एवढा उजेड येतो व्हय आपल्याकडं?" काका शेजारी बसून मान डोलावत होते आणि त्यांना चित्र आवडलेही होते. मला मात्र काकूंचा प्रश्न घरी आल्यावरही सोडेना, कारण त्या खोलीत तीस वर्षे भाकरी थापलेल्या बाईला जर ती खोली चित्रात ओळखता येत नसेल, तर त्या चित्रावरून तिने ओट्याचा रंग आणि कपाटांची उंची कशी ठरवावी?

त्या रात्री मी फाइल पुन्हा उघडून चित्रात लावलेले दिवे मोजले, तेव्हा ते अकरा निघाले. छताला चार स्पॉटलाइट होते, वरच्या कपाटांखाली पूर्ण लांबीची एलईडी पट्टी होती आणि उरलेले दिवे प्रत्यक्षात कुठेही नसलेले होते. कोपरा काळा दिसला की तिथे एक एरिया लाइट, म्हणजे सपाट चौकोनातून उजेड सोडणारा चित्रापुरता दिवा, ठेवायचा, अशी मला सवय लागली होती. परिणामी प्रत्येक पृष्ठभागावर सर्व बाजूंनी सारखाच उजेड पडत होता, कोणत्याही वस्तूची सावली एका दिशेला जात नव्हती आणि डॅडोच्या टाइल्स भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारख्या दिसत होत्या. सावलीला दिशा नसली की डोळ्याला खोलीची खोली कळत नाही, हे मला पुस्तकी रीतीने ठाऊक होते, पण स्वतःच्या चित्रात ते दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी काकूंच्या घरी गेले. त्यांच्याकडे स्वयंपाकघर वास्तुशास्त्राप्रमाणे घराच्या आग्नेय कोपऱ्यात आहे, ओटा पूर्वेच्या भिंतीला लागून आहे, शेगडी त्याच्या उजव्या टोकाला आणि सिंक डाव्या टोकाला, म्हणजे ईशान्येला. खिडकी दोहोंच्या मधोमध. दक्षिणेची भिंत शेजारच्या घराशी सामाईक असल्यामुळे तिकडून उजेडाचा प्रश्नच नाही. आपल्या भागात अशी मांडणी इतक्या घरांत आहे की ती डोळे मिटून काढता येते, आणि नेमकी तीच चित्राला अवघड जाते, कारण दारातून पाहणाऱ्याच्या समोर खिडकी येते व ओट्याची, कपाटांची आपल्याकडची बाजू सावलीत राहते.

मी टेप काढून मोजमापे घेतली. ओटा 34 इंच उंच आणि 24 इंच खोल होता, खिडकीची खालची कड ओट्याच्या वर 8 इंचांवर होती. ऊन आत आले होते, पण सगळ्या ओट्यावर पसरलेले नव्हते. भिंतीकडचा सुमारे दीड फूट भाग सावलीत होता आणि फक्त पुढची सहा इंचांची पट्टी, तीही डावीकडे सिंकच्या बाजूला, उजळली होती. त्या पट्टीवर काकूंनी तांदळाचे ताट ठेवले होते. उजव्या टोकाला शेगडीपाशी मात्र इतका अंधार होता की तव्यावरची भाकरी नीट दिसावी म्हणून त्यांनी ट्यूबलाइट लावली होती. माझ्या चित्रात खोलीतला सर्वांत उजळ भाग शेगडीचाच होता.

असे का होते ते गणिताने सहज कळते. सोलापूर सुमारे 17.7 उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे डिसेंबरच्या अखेरीस सूर्य नेमक्या पूर्वेला न उगवता सुमारे 25 अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, साडेआठपर्यंत तो आणखी दक्षिणेकडे कललेला असतो आणि क्षितिजापासून जेमतेम 20 अंश वर आलेला असतो. म्हणून ऊन उजवीकडून तिरपे आत शिरते आणि डावीकडे पडते. जूनमध्ये हेच उलट होते, कारण तेव्हा सूर्य पूर्वेच्या उत्तरेकडे उगवतो. मी चित्रांसाठी ब्लेंडर हा थ्रीडी प्रोग्राम वापरते. त्यातील सूर्याची जागा ठरवणाऱ्या ॲड-ऑनमध्ये, म्हणजे जोड-प्रोग्राममध्ये, अक्षांश, रेखांश, तारीख आणि भारतीय वेळ म्हणजे साडेपाच तासांचा फरक भरला की हे सारे आपोआप बसते. अट एकच, उत्तर दिशा खरी हवी. मला मिळालेल्या नकाशावर उत्तरेचा बाणच नव्हता आणि मी कागदाची वरची बाजू उत्तर धरून चालले होते. मोबाइलचे होकायंत्र फ्रिजजवळ आणि लोखंडी ग्रिलजवळ भरकटते, म्हणून अंगणात जाऊन दिशा पाहिली, तेव्हा प्लॉट बराच तिरका असल्याचे कळले.

त्यानंतर मी अकराही दिवे बंद केले आणि फक्त सूर्य व आकाश ठेवून रेंडर लावला, म्हणजे प्रोग्रामला उजेडाचा हिशेब करून चित्र काढायला लावले. चित्र जवळजवळ काळे आले आणि ऊन आत आलेच नाही. बराच वेळ शोधल्यावर लक्षात आले की खिडकीला लावलेली काच उन्हाला अडवत होती. सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या उजेडाचा हिशेब करणाऱ्या भागात, साध्या काचेच्या मटेरियलमधून थेट ऊन सरळ पार होत नाही, ते कॉस्टिक्समध्ये, म्हणजे काचेतून वळून पडणाऱ्या उजेडात, धरले जाते आणि तो हिशेब बंद असला किंवा अपुरा पडला की काचेची गडद सावली पडते. सावलीच्या किरणांपुरती ती काच पारदर्शक केल्याबरोबर ओट्याच्या कडेवर ती सहा इंचांची पट्टी उमटली. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो. मग खिडकीच्या चौकटीएवढा एरिया लाइट पोर्टल म्हणून बसवला. तो स्वतः उजेड देत नाही, पण आकाशाचा उजेड कुठून येतो ते प्रोग्रामला दाखवतो, त्यामुळे चित्रातील दाणेदारपणा कमी होतो. भिंतींवरून परतणाऱ्या उजेडाच्या उड्या चारवरून आठ केल्या आणि कोपरे आपोआप खुलले.

भिंतीच्या पांढऱ्या रंगाकडेही पाहावे लागले. मी पांढरा म्हणजे पूर्ण पांढरा, 1.0, असा दिला होता, पण चांगला पांढरा रंगही येणाऱ्या उजेडातील सुमारे पाचवा हिस्सा शोषतो. तो 0.8 वर आणल्यावर भिंतीवर उंच-सखल छटा आल्या. खिडकीजवळचा भाग तरीही भाजल्यासारखा पांढरा पडत होता, ते रंग-रूपांतराच्या, म्हणजे हिशेबातला उजेड पडद्यावरच्या रंगांत बसवण्याच्या, सेटिंगमुळे होते. माझी फाइल जुनी असल्याने ती स्टँडर्ड या जुन्या पर्यायावरच राहिली होती. ब्लेंडरच्या 2.79 आवृत्तीत, म्हणजे 2017 साली, फिल्मिक हा नवा पर्याय आला आणि 2023 च्या 4.0 पासून एजीएक्स हेच मूळ सेटिंग झाले. एजीएक्स निवडल्यावर उन्हाची चमक हळूहळू पांढऱ्याकडे झुकू लागली, एकदम कापल्यासारखी राहिली नाही. खिडकी थोडी जास्त उजळ राहिली तर मी ती तशीच ठेवते, कारण खोलीत उभे राहिल्यावर डोळ्यालाही ती तशीच दिसते.

काळ्या ग्रॅनाइटचा ओटा हा यातला सर्वांत नाजूक भाग. काळा दगड उजेड फारसा परत पसरवत नाही, त्यामुळे चित्रात तो भोकासारखा दिसतो आणि मग आपण त्याला राखाडी करण्याचा मोह करतो. पण प्रत्यक्षात काकूंनी ओला फडका फिरवल्यावर त्या दगडात खिडकीचे प्रतिबिंब स्वच्छ उमटले होते, आणि नजर जितकी तिरपी तितके ते ठळक होत होते. म्हणून रंग काळाच ठेवला, पृष्ठभाग कुठे किती खडबडीत ते प्रोग्रामला सांगणारे हलके चित्र त्यावर चढवले, म्हणजे चमक किंचित कमी-जास्त होईल, आणि कडांना दीड मिलिमीटरची गोलाई दिली. त्या गोल कडेवर उजेडाची एक बारीक रेघ पकडली गेली आणि दगडाला जाडी आली. खिडकीचे ग्रिलही मी बार मोजून काढले. सूर्याची तबकडी आकाशात अर्ध्या अंशाची दिसते, त्यामुळे ग्रिलची सावली खिडकीच्या कडेवर ठळक पडते आणि समोरच्या ट्रॉल्यांवर पोहोचेपर्यंत धूसर होते. हा फरक दिसला की पाहणाऱ्याला काही न सांगता अंतर समजते.

आता कॅमेरा. पूर्वी मी तो खोलीच्या मध्यावर, 16 मिलिमीटरच्या भिंगाने, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवत असे. एवढ्या रुंद भिंगाने जवळजवळ 97 अंशांचा पट्टा दिसतो, आठ बाय दहाची खोली हॉलएवढी वाटते आणि कडेचा फ्रिज आडवा ताणला जातो. ग्राहकाला खोली मोठी दाखवणे हे मला आता चुकीचे वाटते, कारण सुतार काम करून गेल्यावर ती तेवढीच असते. मी 24 मिलिमीटरचे भिंग घेतले आणि कॅमेरा दाराबाहेर, हॉलमध्ये, नैऋत्य बाजूला नेला. तिथून ईशान्येकडे पाहिले की ऊन उजवीकडून डावीकडे आडवे जाते आणि प्रत्येक वस्तूची एक बाजू उजळ व दुसरी सावलीत दिसते. दाराच्या चौकटीची एक कड चित्रात उजव्या काठाला ठेवली. उंची चार फूट केली, म्हणजे ओट्याचा माथाही थोडा दिसतो आणि वरच्या कपाटांचा तळही. कॅमेरा खाली किंवा वर न झुकवता सरळ ठेवून चित्र फक्त शिफ्टने, म्हणजे कॅमेरा न वळवता चौकट वर-खाली नेणाऱ्या सेटिंगने, सरकवले, त्यामुळे कपाटांच्या उभ्या रेषा उभ्याच राहिल्या. चारही भिंती एका चित्रात कोंबण्याचा आग्रह सोडला आणि सिंकच्या कोपऱ्याचे एक वेगळे उभे चित्र केले.

ओट्यावर आधी तयार मॉडेलमधून आलेले लिंबांचे काचेचे भांडे आणि उंच पेले होते. ते काढले. काकूंची परात, पोळपाट आणि तांदळाचे ताट एवढेच ठेवले, आणि ताट नेमके त्या उन्हाच्या पट्टीत. नजर आधी तिथेच जाते, मग ग्रॅनाइटवरून उजवीकडे शेगडीकडे सरकते.

एलईडी पट्टी मी सकाळच्या चित्रात बंदच ठेवली. दुपारच्या थेट उन्हाची तीव्रता 1,00,000 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) घरात जाते, तर कपाटाखालच्या दिव्याने ओट्यावर साधारण 300 ते 500 लक्स मिळतात. सकाळच्या कोवळ्या उन्हापुढेही ती पट्टी लखलखताना दाखवणे खोटेच ठरले असते. संध्याकाळचे चित्र वेगळे काढले, त्यात 3000 केल्व्हिनचे पिवळसर दिवे आणि बाहेर निळसर आकाश.

दोन्ही चित्रे घेऊन गेले, तेव्हा काकूंनी सकाळचे चित्र हातात धरले आणि ताटावर बोट ठेवले. "इथंच मी तांदूळ निवडते," त्या म्हणाल्या. मग बोट उजवीकडे नेऊन म्हणाल्या, "आणि शेगडीपाशी बघ, अंधारच हाय. मला इथं सकाळीसुद्धा दिवा लागतो, त्याचं बटण कुठं दिलंयस?" माझ्या आराखड्यात पूर्ण पट्टीचे एकच बटण होते आणि ते दाराजवळ होते. आम्ही शेगडीवरचा दिवा वेगळा केला आणि त्याचे बटण ओट्यापासून वर, शेगडीच्या डाव्या अंगाला, तवा हातात असतानाही दाबता येईल असे धरले. पुढच्या आठवड्यात वायरमन आला, तेव्हा काकूंनी तेच चित्र भिंतीला टेकवून ठेवले आणि त्याने त्यावर पाहून पेन्सिलने खूण केली.