यांना चहा देऊ का?

"यांना चहा देऊ का?" दिव्यांगांच्या निवासी संस्थेतल्या ताईंनी मला विचारलं. 'हे' म्हणजे तिथे राहणारा माझा मामेभाऊ. चाळिशीचा, समोरच बसलेला, व्यवस्थित बोलणारा.

म्हटलं, त्यालाच विचारा ना. ताई हसल्या. "सगळ्यांची चाय एकच असते दादा, साखर टाकूनच येते."

तेवढ्यात तो म्हणाला, "मले बिनसाखरेची पाहिजे." आली ती गोडच. त्यानं निमूट पिऊन टाकली.

नागपुरातली ही संस्था वाईट नाही हं. खोल्या स्वच्छ, मे महिन्यात कूलर सुरू, औषधं वेळेवर. ताई एकट्या इतक्या जणांचं पाहतात, त्यांच्यावर काय चिडायचं?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 5 समाजात राहण्याचा हक्क देतं. अमुकच ठिकाणी राहायची सक्ती होऊ नये, घरी मदतनीस मिळावा, यासाठी सरकारनं प्रयत्न करावेत असंही त्यात आहे. ते होईल तेव्हा होईल. पण संस्था पाहायला गेल्यावर आपण घरचे विचारतो काय? सीसीटीव्ही आहे का, डॉक्टर येतात का, फी किती. झोपायचं कधी, खोलीत सोबत कोण, टीव्हीवर काय लावायचं, हे ठरवतं कोण?

तुमच्यापैकी कोणी विचारलंय का हे? काय उत्तर मिळालं?