बिल्डची खबरबात: जुनं ग्लिबसी, नवं सीमेक आणि एक 'ऱ'

जुन्या फॉन्टांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं आमचं छोटं कमांड-लाइन टूल नव्या रिलीजच्या उंबरठ्यावर आहे. कन्व्हर्जनच्या कोडला फारसा हात लागलेला नाही. सगळा वेळ बिल्ड (सोर्स कोडपासून चालवता येईल असा प्रोग्रॅम बनवणं) आणि पॅकेजिंगनेच खाल्ला.

आधी लिनक्स. बायनरी, म्हणजे बांधून तयार झालेली प्रोग्रॅमची फाइल, ज्या सिस्टिमवर बांधाल, तिथल्या ग्लिबसीच्या (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) सिम्बॉल-आवृत्त्या, म्हणजे फंक्शनांच्या नावांवरचे आवृत्ती-शिक्के, तिला चिकटतात. उबुंटू 22.04 मध्ये ग्लिबसी 2.35, डेबियन 11 मध्ये 2.31. पहिल्यावर बांधलेली बायनरी दुसऱ्यावर चालवली की ती 2.34 मागते आणि तिथेच अडून बसते. 2.34 च का? 2021 च्या त्या आवृत्तीत थ्रेडसाठीची पीथ्रेड लायब्ररी मुख्य लिबसीत सामावली गेली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाही नवा आवृत्ती-शिक्का मिळाला. त्यामुळे साधं हॅलो वर्ल्डसुद्धा तिथे नखरे करतं.

आता लिनक्सचा बिल्ड आल्मालिनक्स 8 या जुन्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या, बंदिस्त वातावरणात) होतो, म्हणजे ग्लिबसी 2.28. कंपायलर मात्र नवा हवा, म्हणून जीसीसी-टूलसेट (नवा जीसीसी कंपायलर देणारा संच) घेतला; सी++ लायब्ररीचा जो नवा भाग सिस्टिममध्ये नसतो, तो हा टूलसेट बायनरीतच स्टॅटिक जोडून देतो. शेवटी एक स्क्रिप्ट ऑब्जडम्प या टूलने बायनरीतले सिम्बॉल चाळते आणि 2.28 च्या पुढचा एकही दिसला की बिल्ड लाल. या रिलीजमधलं सगळ्यात कामाचं काम हेच, असं माझं मत. (मस्ल ही पर्यायी सी लायब्ररी वापरून पूर्ण स्टॅटिक करा, म्हणजे सगळं बायनरीतच भरा, असं कुणीतरी सुचवेलच. आमची फॉन्ट-मॅपिंग प्लगिन प्रोग्रॅम चालू असताना डीएलओपनने लोड होतात, पूर्ण स्टॅटिक बायनरीत ते जमत नाही, त्यामुळे तो रस्ता बंद.)

सीमेक या बिल्ड-टूलच्या 4 आवृत्तीने 3.5 च्या आधीच्या आवृत्त्यांशी सुसंगतता काढून टाकली. आमची फाइल ठीक होती, पण सोबत घेतलेली एक जुनी लायब्ररी अजून 2.8 वरच होती. पॉलिसी-व्हर्जन-मिनिमम 3.5 देऊन तात्पुरतं भागवलंय, मूळ प्रोजेक्टला एका ओळीचा पॅच पाठवलाय.

विंडोजची गंमत खास आपली. देवनागरीसाठी विंडोजमध्ये एएनएसआय कोडपेज (जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅमांसाठीचा अक्षरांचा तक्ता) कधी नव्हतंच. त्यामुळे मेन या सुरुवातीच्या फंक्शनला मिळणाऱ्या आर्ग्युमेंटमध्ये 'यादी.टीएक्सटी'च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येतात. विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमसोबतची माहितीची फाइल) अॅक्टिव्ह कोडपेज यूटीएफ-8 लिहिता येतं. एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) असेल तर सीमेकला ती मॅनिफेस्ट फाइल सोर्सच्या यादीत दिली की झालं. मिनजीडब्ल्यूला (विंडोजसाठीचा जीसीसी) ती रिसोर्स फाइलमधून द्यावी लागते. त्याहून जुन्या विंडोजचा नाद सोडला.

आणि मग 'ऱ'. टेस्टचा डेटा एका जुन्या मॅकवर झिप केलेला होता. लिनक्सवर उघडला तर 'दुसऱ्या-यादी' नावाची फाइल समोर दिसतेय, आणि टेस्ट म्हणतेय फाइल नाही! नाव एक्सएक्सडी या बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये ओतलं तेव्हा उलगडा झाला. आम्ही टाइप केलेला 'ऱ' ई0 ए4 बी1 असा तीन बाइटांचा, आणि झिपमधला ई0 ए4 बी0 ई0 ए4 बीसी, म्हणजे 'र' अधिक नुक्ता. मॅकची जुनी फाइल-सिस्टिम एचएफएस प्लस नावं अशी विघटित रूपात साठवते. नवी एपीएफएस दिलेलं रूप तसंच ठेवते, पण शोधताना दोन्ही एकच मानते. लिनक्सला तर फक्त बाइट कळतात. आता रिपॉझिटरीतल्या फाइलींची नावं साध्या रोमन अक्षरांत आहेत, देवनागरी नावं टेस्ट स्वतः बनवते, तीही दोन्ही रूपांत.

मॅकच्या नोटरायझेशनसाठी (अॅपलकडून प्रोग्रॅम तपासून घेणं) वर्षाला 99 डॉलर लागतात. हौसेच्या टूलसाठी ते भरणार नाही. आर्म मॅकवर निदान अॅड-हॉक (प्रमाणपत्राविना केलेली) सही लागतेच, आणि इन्स्टॉल-नेम-टूलने लायब्ररीचा पाथ बदलला की जुनी सही बाद, म्हणून सही करणारं कोडसाइन सगळ्यात शेवटी. मॅकओएस सेक्वोयापासून नोटराइझ न केलेला प्रोग्रॅम उघडायची कंट्रोल-क्लिकची पळवाटही गेली. प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन 'ओपन एनीवे' करा, अशी सूचना रीडमीत टाकली आहे.

सोर्स टारबॉल (सोर्स कोडचा एकत्र बांधलेला गठ्ठा) आता थेट गिटच्या टॅगवरून निघतो, हाताने काही भरायचं नाही. 2024 च्या एक्सझेड (फाइली आकुंचित करणारं टूल) प्रकरणात बॅकडोअर, म्हणजे छुपा चोरदरवाजा, सुरू करणारी एम4 ही बिल्डची फाइल टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. त्यानंतर हे करायला वेगळं कारण लागत नाही. सोर्स-डेट-इपॉकही (बिल्डने वापरायची ठरलेली वेळ) टॅगच्या तारखेवर बांधलाय. लिनक्सवर दोनदा केलेला बिल्ड बाइट-टू-बाइट जुळतो. विंडोजचा अजून जुळत नाही, पीई (विंडोजच्या प्रोग्रॅम-फाइलीच्या) हेडरमधला टाइमस्टॅम्प आडवा येतोय. मिनजीडब्ल्यूच्या लिंकरला नो-इन्सर्ट-टाइमस्टॅम्प देऊन बघतोय.